सेशनने जामीन फेटाळला, आता हायकोर्टात काय काय लागतं (इंदूरवाल्यांसाठी)

सेशनने (म्हणजे सत्र न्यायालयाने) जामीन फेटाळला की दुसऱ्या दिवशी सकाळीच घरचे लोक एमजी रोडवर हायकोर्टाच्या गेटपाशी हजर, हातात एफआयआरची पुसट झेरॉक्स, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, आता वर परत सगळी केस चालणार का?" मी एका वकीलसाहेबांच्या फायली सांभाळतो, रोज हेच सांगतो, म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

नाही, केस चालत नाही. साक्षीपुरावे खालच्याच कोर्टात होतात, इथे फक्त माणूस आत ठेवायचा की बाहेर एवढंच बघतात. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात हे कलम ४८३ आहे, जुने लोक अजून जुन्या सीआरपीसीचं चारशे एकोणचाळीसच म्हणतात. जामीन द्यायची पॉवर सेशन आणि हायकोर्ट दोघांनाही आहे, पण सरळ वर गेलात तर बहुतेक वेळा आधी खाली जाऊन या म्हणतात. आणि यासाठी माणूस अटकेत पाहिजे, अटक व्हायचीच असेल तर अग्रिम म्हणजे अटकपूर्व जामीन, कलम ४८२, तो वेगळा अर्ज.

कागदं म्हणाल तर सेशनच्या ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी (झेरॉक्सवर भागत नाही, नक्कल काढायला आजच अर्ज टाका), एफआयआर, चालान (आरोपपत्र) पेश झालं असेल तर त्याची कॉपी, वकालतनामा, आणि घरातल्या पैरोकाराचं, म्हणजे आरोपीच्या वतीने केस बघणाऱ्याचं, शपथपत्र. आजारपण सांगणार असाल तर दवाखान्याचे कागद. शपथपत्रात आधी किती अर्ज लावले, कुठे, काय झालं ते सगळं खरं लिहायचं, लपवलं आणि सरकारी वकिलांनी दाखवलं तर चांगली केसही बिघडते. अर्ज लागला की एमसीआरसी नंबर (हायकोर्टातला जामीन अर्जाचा नंबर) मिळतो, मग पोलिसांची केस डायरी, म्हणजे तपासाची नोंदवही, मागवतात, आणि ती वेळेवर आली नाही की तारीख पुढे, यात वकिलाचा दोष नसतो हो. जन्मठेपेसारख्या गंभीर कलमांत सरकारी वकिलांना नोटीस लागते, लहान मुलींवरच्या बलात्काराच्या केसमध्ये तर फिर्यादीकडचा माणूस सुनावणीला हजर पाहिजे. एट्रॉसिटीच्या केसमध्ये मात्र हा अर्जच चालत नाही, स्पेशल कोर्टाच्या ऑर्डरवर त्याच कायद्याच्या कलम १४-ए खाली अपील करावं लागतं, इथे चुकीचा अर्ज लावून लोक आठवडे घालवतात.

शर्ती कोर्ट घालतं पण वाट्टेल त्या नाही. २०२० मध्ये आपल्याच इंदूर बेंचने छेडछाडीच्या केसमध्ये आरोपीला फिर्यादी बाईकडून राखी बांधून घ्यायला सांगितलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मध्ये रद्द केलं, आणि बरंच झालं.

आता मिळालेला जामीन जातो कसा. लोकांना वाटतं फिर्यादीने अर्ज टाकला की संपलं, तसं नाही. रस्ते दोन आहेत. बाहेर आल्यावर साक्षीदाराला धमकावलं, तारखांना गायब झाला, परत तसाच गुन्हा केला, तर ४८३(३) खाली जामीन रद्द होतो, पण ठोस काहीतरी दाखवावं लागतं, धमकीचं रेकॉर्डिंग किंवा ठाण्यात दिलेल्या तक्रारीची पावती, नुसतं "तो मोकळा फिरतोय" याने काही होत नाही. दुसरं म्हणजे ऑर्डरच चुकीची, महत्त्वाचं काही बघितलंच नाही, तेव्हा आरोपी बाहेर कितीही सरळ वागला असला तरी वरचं कोर्ट ती उडवू शकतं. पण हायकोर्टाचीच ऑर्डर चुकली असं म्हणणं असेल तर मग दिल्ली, म्हणजे सुप्रीम कोर्ट, गाठावी लागते.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ते शेवटी, जमानतदारापाशी (जामीन राहणाऱ्या माणसापाशी). परवा एका काकूंचे दीर देपालपूरकडून ऋणपुस्तिका घेऊन आले, शेतजमिनीची पुस्तिका, आपण जिला पावती म्हणतो ती, तिच्यावर नाव एक आणि आधारवर दुसरंच, नुसता एका मात्रेचा फरक, पण बाबूंनी परत पाठवलं आणि मुलगा शनिवार-रविवार आतच. म्हणून नाव, वडिलांचं नाव घरीच जुळवून बघा. रक्कम झेपत नसेल तर कमी करायचा अर्ज देता येतो. दुसऱ्या जिल्ह्यातला जमानतदार नको हे तर सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच मोडून काढलंय, मध्य प्रदेशातल्याच एका गरीब गवंड्याच्या, मोतीरामच्या केसमध्ये. ऑर्डर होऊनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकाने विधिक सेवावाल्यांना (फुकट वकील देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाला) कळवायचं असतं, तसं झालं नसेल तर तुम्हीच १५१०० वर फोन लावा, आत असलेल्या माणसाला वकील फुकट मिळतो, कमाई विचारत नाहीत.