सुजलेला सांधा आणि हाताने केलेला उपचार

सांधा दुखला की तेल लावून चोळायचा, हा घरोघरचा पहिला उपाय. पण आयुर्वेदानेच आमवातात, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या दुखण्यात, हात आखडता घ्यायला सांगितले आहे. माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण मिळाले, आणि ११ व्या शतकात चक्रपाणिदत्त या वैद्याने उपचाराची सुरुवात लंघन (उपवास) आणि स्वेदनाने (शेकाने) केली. पुढच्या वैद्यांनी शेकही कोरडाच सांगितला: गरम वाळूची पुरचुंडी.

युरोपात १८५९ साली डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनी सांध्यांच्या अशाच दीर्घकाळच्या दाहाला ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव सुचवले. त्यानंतर कित्येक दशके भर विश्रांतीवर होता. अंथरुणात पडून राहायचे, सांध्यांना पट्ट्या बांधायच्या. सूज उतरे, पण सांधे आखडत आणि स्नायू वाळत. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन हे संप्रेरक वापरले, १९८० च्या दशकात आठवड्याला एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट हे औषध रुळले. दाह औषधांनी आटोक्यात येऊ लागला, तसा हाताने करायच्या उपचाराला आणि व्यायामाला खरा वाव मिळाला. ब्रिटनमध्ये ४९० रुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधांच्या जोडीला हातांचे ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम दिले. वर्षभरानंतर हातांचे काम सुधारलेले दिसले.

हाताने सांधा हलवण्याच्या पायऱ्या ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी आखून दिल्या. त्यांतल्या पहिल्या दोन, म्हणजे अडथळ्यापर्यंत न पोचणाऱ्या लहान-मोठ्या हालचाली, दुखण्यासाठी. बोटाच्या मुळाशी एका हाताने तळव्याचे हाड धरायचे, दुसऱ्याने बोटाचे पहिले पेर, आणि हलका ताण देत पेर वर-खाली सरकवायचे. आधी आणि नंतर मूठ किती वळते ते पाहायचे. सांधा गरम, लाल असेल तर हे करायचेच नाही. बोट करंगळीकडे झुकू लागले असेल तर त्या बाजूला ओढले की सैल झालेले बंध आणखी सैल होतात.

सर्वांत मोठा धोका मानेत आहे. मानेच्या दुसऱ्या मणक्याचा वर आलेला सुळका जागेवर धरणारा बंध दाहाने कमकुवत होतो, आणि मग मानेला दिलेल्या झटक्याने मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. सलूनमध्ये मान ‘मोडून’ घेणे म्हणूनच या रुग्णांना वर्ज्य. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस या कण्याच्या दाहाच्या आजारात कारण वेगळे: एकसंध झालेला कणा खडूच्या कांडीसारखा तुटतो. मान वाकवताना हातापायांत करंट गेल्यासारखे झाले, चालताना तोल जाऊ लागला, तर मानेला हात लावण्याआधी एक्स-रे काढायचा, तोही रुग्णाने स्वतः मान पुढे वाकवलेल्या स्थितीत. सरळ मानेच्या एक्स-रेत पहिला मणका आणि सुळका यांच्यातली ३ मिलिमीटरहून जास्त फट दडून राहू शकते.