एल्फिन्स्टन आणि त्रिंबकजींच्या कैदेची मागणी : पार्श्वभूमी

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आपल्याला मुंबईचा गव्हर्नर (१८१९–२७) म्हणून माहीत असतो. त्याची त्याआधीची बरीचशी वर्षे वकिलातीच्या कामात गेली, आणि महाराष्ट्राचे भवितव्य त्याच कामाने फिरवले.

जन्म १७७९, स्कॉटलंड. १७९६ मध्ये कलकत्ता. १८०१ पासून पुण्याच्या रेसिडेन्सीत (पेशव्यांच्या दरबारातली इंग्रजांची वकिलात) मदतनीस, असईच्या लढाईत इंग्रज सेनापतीच्या सोबत, मग चार वर्षे नागपूर. १८०९ मध्ये पेशावरला अफगाणिस्तानच्या शाहाशी त्याने तह केला, पण थोड्याच दिवसांत शाहाची गादी गेली आणि तह कागदावर उरला. १८११ मध्ये तो पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे त्या वकिलातीचा प्रमुख झाला.

वाद आहे तो १८१५ च्या निर्णयाचा : एका खुनाच्या संशयावरून त्रिंबकजींना चौकशीआधीच कैद करा, ही त्याची मागणी योग्य होती का? गायकवाडांकडे असलेल्या अहमदाबादच्या इजाऱ्याची (महसूल वसुलीच्या मक्त्याची) मुदत १८१४ मध्ये संपत होती. तो वाढवून घ्यायला आणि जुन्या येण्या-देण्याचा हिशेब मिटवायला बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधर शास्त्री पुण्यात आले. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांची होती. इजारा मात्र पेशवे दुसरे बाजीराव यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्याकडे गेला. जुलै १८१५ मध्ये, आषाढीच्या दिवसांत, पंढरपुरात शास्त्रींचा खून झाला. रेसिडेंट तेव्हा वेरूळची लेणी पाहायला गेला होता.

परतल्यावर त्याने साक्षी जमवल्या आणि त्रिंबकजींना कैद करा, अशी मागणी केली. पेशव्यांचे म्हणणे होते की आधी चौकशी व्हावी. हा माणूस अधिकारावर असेतो कोणी तोंड उघडणार नाही, म्हणून आधी कैद, हे रेसिडेंटचे उत्तर. यात तथ्य होते. पण कैद झाल्यावर तरी उघड सुनावणी व्हायला हवी होती. ती कधीच झाली नाही. संशयाला जागा भरपूर होती, तरी संशय म्हणजे निकाल नव्हे. हमी मोडली म्हणून इंग्रजांचा राग समजण्यासारखा आहे. पण फिर्यादी आणि न्यायाधीश एकच झाले, हे आपल्याकडच्या लेखनात फार हलक्या हाताने सांगितले जाते.

सप्टेंबर १८१५ मध्ये त्रिंबकजी इंग्रजांच्या हवाली झाले आणि पुढच्याच सप्टेंबरात ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले. मे १८१७ मध्ये रेसिडेंटने पेशव्यांना निर्वाणीचा खलिता दिला : महिन्याभरात त्रिंबकजी हवाली करा, तोवर सिंहगड, पुरंदर आणि रायगड तारण द्या. गड दिले गेले. तरीही १३ जूनच्या तहात पेशव्यांकडून मराठा मंडळाचे प्रमुखपद सोडवून घेतले, वर्षाला ३४ लाख उत्पन्नाचा मुलूख घेतला, आणि त्रिंबकजी दोषी असल्याचे पहिल्याच कलमात वदवून घेतले. एका खुनाच्या तपासातून एवढे सगळे काढता आले, हे त्या वकिलातीचे खरे कसब. कलकत्त्याहून आलेल्या गव्हर्नर जनरलच्या कडक हुकमांचा त्यात मोठा वाटा होता, हेही नोंदवले पाहिजे.

५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि तिच्याबरोबर एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रहही. १८१८ मध्ये त्रिंबकजी पुन्हा पकडले गेले, काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात कैदेत पडले आणि तिथेच वारले. एल्फिन्स्टन १८२७ मध्ये परत गेला. गव्हर्नर जनरलचे पद त्याने पुढे नाकारले. १८५९ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

२०१८ मध्ये मुंबईच्या प्रभादेवी स्थानकाचे ‘एल्फिन्स्टन रोड’ हे जुने नाव गेले, तेव्हा पेशवाई बुडवणाऱ्याचे नाव पुसले असे अनेकांनी मानले. ते नाव त्याच्या पुतण्याचे होते. तो पुतण्या १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. काकाचे नाव मुंबईत आजही महाविद्यालयावर आहे.