खोक्यावरचा आकडा आणि घरातला वापर

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विजेचा दिवा विकत घेताना पूर्वी एक रिवाज असे. काउंटरच्या कडेला लाकडी फळीवर होल्डर बसवलेला असायचा, गिऱ्हाईक 'लावून दाखवा' म्हणायचे, दुकानदार दिवा त्यात अडकवून बटण दाबायचा आणि दिवा पेटला की व्यवहार पूर्ण व्हायचा. मग तो त्याच रात्री गेला तरी बदलून मिळत नसे. ही पारख प्रामाणिक होती, परंतु तिला एकाच प्रश्नाचे उत्तर मिळे, ते म्हणजे वस्तू आत्ता चालू होते की नाही. ती किती काम देईल, किती दिवस टिकेल, विजेचा दाब उतरला की तिचे काय होईल, हे दुकानात कळण्याची सोय नसल्यामुळे गिऱ्हाइकाला खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबावे लागे. स्वस्त इलेक्ट्रॉनिक वस्तू पारखण्याचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास हा बराचसा या आकड्याचा इतिहास आहे. घरी मोजता न येणारा आकडा फुगत गेला आणि कोणीतरी तो प्रत्यक्ष वापराशी बांधल्यावरच ताळ्यावर आला.

पहिले ठळक उदाहरण ट्रान्झिस्टर रेडिओचे आहे. अमेरिकेत १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये रीजन्सी टीआर-१ हा खिशात मावणारा रेडिओ ४९.९५ डॉलरला बाजारात आला. त्यात संकेत वाढवणारे चार ट्रान्झिस्टर, म्हणजे चिमुकले सुटे घटक, होते. कन्झ्यूमर्स युनियन ही १९३६ पासून काम करणारी ग्राहकसंस्था वस्तू स्वतः तपासून आपल्या मासिकात निष्कर्ष छापत असे. तिने १९५५ मध्ये या रेडिओतली खरखर आणि अस्थिरता नोंदवून वाचकांना खरेदीसाठी थांबण्याचा सल्ला दिला. नव्या वस्तूचे कौतुक सर्वत्र चालू असताना 'ऐकू कसा येतो' एवढाच निकष धरून दिलेला हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पुढच्या दशकात मात्र रेडिओ त्यांतल्या ट्रान्झिस्टरच्या संख्येवर विकले जाऊ लागले. सहापेक्षा आठ चांगले, आठपेक्षा दहा चांगले, असा समज रूढ झाल्यावर काही उत्पादकांनी संख्या भरण्यासाठी निकामी किंवा विद्युतमंडलात काहीच काम न करणारे ट्रान्झिस्टर नुसते सोल्डर करून ठेवले. आकडा खरा होता, पण त्याचा आवाजाशी संबंध उरला नव्हता.

तोच प्रकार ध्वनिवर्धकांच्या बाबतीत अधिक मोठ्या प्रमाणावर घडला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम करून घरगुती ॲम्प्लिफायरची ताकद सलग चालवून मोजलेल्या वॅटमध्येच जाहीर करण्याचे बंधन घातले. आपल्याकडे असे बंधन नव्हते. त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकांत टेपरेकॉर्डर, डेक आणि पुढे संगणकाच्या स्पीकरवरही 'पीएमपीओ' (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) ही अक्षरे आणि त्यांच्यामागे शेकडो वॅटचे आकडे झळकू लागले. क्षणाच्या अंशापुरती कल्पिलेली ही कमाल ताकद कशी मोजायची याला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नव्हते. खरी माहिती त्याच यंत्राच्या पाठीवरच्या छोट्या पट्टीवर असे. ज्या यंत्रात भिंतीतून तीस वॅट वीज जाते, त्यातून सलग सहाशे वॅटचा आवाज निघूच शकत नाही, हे समजायला पाठीवरची पट्टी वाचणे पुरेसे होते. पण ती वाचण्याची सवय लावणारे तेव्हा फार थोडे होते.

ती सवय लावण्याचे काम ग्राहकसंस्थांनी केले. ब्रिटनमध्ये १९५७ पासून आणि पश्चिम जर्मनीत १९६४ पासून अशा तपासणी संस्था उभ्या राहिल्या. वस्तू कंपनीकडून न मागवता सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणे दुकानातून विकत घ्यायची, हे तत्त्व त्यांनी रुजवले. मुंबईत १९६६ मध्ये नऊ महिलांनी कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्या काळातले प्रश्न भेसळ, वजनमाप आणि टंचाई यांचे होते; इलेक्ट्रॉनिक वस्तू मध्यमवर्गीय घरात अजून मोजक्याच होत्या. तरीही 'विकणाऱ्याने जे सांगितले त्याचा जाब विचारता येतो' ही भावना मराठी घरांत याच चळवळीमुळे आली, असे मी मानतो.

या भावनेला कायद्याचे बळ २४ डिसेंबर १९८६ रोजी संमत झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिले. त्यातली 'दोष' या शब्दाची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. कायद्याने ठरवलेल्या दर्जापेक्षा वस्तू कमी पडली तर तो दोष आहेच. शिवाय विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल त्या दाव्यापेक्षा ती कमी पडली, तरी तोही दोष आहे. म्हणजेच खोक्यावरचा आकडा हा आता सजावटीचा मजकूर राहिला नाही, ते वचन झाले. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर वस्तूचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूदही त्या कायद्यात होती. चारशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढी खटपट फारसे कोणी करत नाही, हे मान्य करूनही या व्याख्येचे महत्त्व कमी होत नाही.

प्रमाणचिन्हांची कथा याला समांतर चालली. भारतीय मानक संस्था १९४७ ची. तिचे आयएसआय चिन्ह इस्त्री, वायर, स्विच यांवर दिसू लागले आणि 'आयएसआय मार्क बघून घे' हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे वाक्य झाले. संस्थेचे रूपांतर १९८७ मध्ये भारतीय मानक ब्युरोत झाले. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी २०१२ मध्ये सक्तीच्या नोंदणीचा आदेश निघाला. सुरुवातीला त्यात पंधरा प्रकारच्या वस्तू होत्या, नंतर मोबाइल, पॉवर बँक आणि एलईडी दिवे यांचीही भर पडली. चार्जरवर बारीक अक्षरांत 'आर' अक्षराने सुरू होणारा जो क्रमांक दिसतो, तो या नोंदणीचा असतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ही नोंदणी प्रामुख्याने सुरक्षिततेची आहे. वस्तू शॉक देणार नाही, पेट घेणार नाही, यासाठी ती असते; वस्तू काम किती चांगले करते याविषयी ती काही सांगत नाही. एलईडी दिव्यांच्या भारतीय मानकाचे तर दोन स्वतंत्र भाग आहेत, पहिला सुरक्षिततेचा आणि दुसरा कामगिरीचा, आणि सक्तीची नोंदणी पहिल्या भागानुसार झाली.

एलईडी दिव्याने ही जुनी अडचण सर्वांत स्पष्टपणे समोर आणली. तीन पिढ्यांनी प्रकाश वॅटमध्ये मोजला होता. साठचा दिवा खोलीला, चाळीसचा न्हाणीघराला, शून्याचा रात्रीला. वॅट हे प्रकाशाचे माप नसून खर्च होणाऱ्या विजेचे आहे, याने काही बिघडत नव्हते, कारण सगळे दिवे एकाच जातीचे होते. एलईडी आल्यावर नऊ वॅटचा दिवा साठच्या जुन्या दिव्यापेक्षा जास्त उजेड देऊ लागला आणि तुलनेसाठी ल्युमेन हा उजेडाच्या मापाचा शब्द शिकावा लागला. साठ वॅटचा तारेचा दिवा साधारण सातशे ल्युमेन देतो. नऊ वॅटचा बरा एलईडी नऊशेच्या आसपास देतो. स्वस्तात एलईडी दिवे देणारी केंद्र सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली. मोठ्या एकत्रित खरेदीमुळे २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ मध्ये कर वगळता ३८ रुपयांपर्यंत खाली आला. तीन वर्षांत बिघडल्यास मोफत बदलून देण्याची हमीही त्यासोबत होती. 'बल्बला गॅरंटी नसते' असे ऐकत आलेल्या देशात हा मोठा बदल होता. आज गल्लीतला दुकानदारही मार्कर पेनाने दिव्याच्या गळ्यावर विक्रीची तारीख लिहून देतो.

तरीही या दिव्याच्या खोक्यावर एक आकडा फसवा राहिला आहे, तो आयुष्याचा. '२५,००० तास' असे छापलेले असते. रोज सहा तास धरले तर ती अकरा वर्षे होतात आणि हमी मात्र बहुधा दोन वर्षांची असते. या दोहोंतले अंतर समजून घ्यावे. ते तास सामान्यतः आतल्या एलईडी चिपचे असतात, म्हणजे तिचा प्रकाश मूळच्या सत्तर टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ. दिवा प्रत्यक्षात जातो तो बहुतेकदा त्याच्या गळ्यात बसवलेल्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे चिपला योग्य रूपात वीज पुरवणाऱ्या मंडलामुळे. त्यातला वीज साठवणारा कपॅसिटर उष्णतेने सुकतो आणि बंद काचेच्या घुमटात लावलेला दिवा तर आणखी लवकर तापतो. ज्या गावांत संध्याकाळी पंप सुरू झाले की विजेचा दाब घसरतो, तेथे दिवा किती व्होल्टपर्यंत स्थिर जळतो हा आकडा ल्युमेनइतकाच कामाचा आहे. काही कंपन्या १०० ते ३०० व्होल्ट अशी मर्यादा छापतात. खरेदी करताना ती ओळ शोधावी.

पंख्यांच्या बाबतीत मापन जास्त समंजसपणे झाले. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ मध्ये स्थापन झाला, ताऱ्यांचे लेबल २००६ मध्ये आले आणि छताच्या पंख्यांना ते जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. पंख्याचे तारे 'सर्व्हिस व्हॅल्यू' पाहून ठरतात, म्हणजे एका वॅटमागे मिनिटाला किती घनमीटर हवा फेकली जाते यावरून. खर्च आणि काम एकाच मापात बांधल्यामुळे येथे आकडा फुगवायला जागाच राहत नाही.

पॉवर बँकेचे उदाहरण याच्या उलट आहे, म्हणून ते हिशेबासकट मांडतो. 'दहा हजार एमएएच' (मिलिअँपिअर-तास) हा आकडा आतल्या सेलचा असतो आणि तो ३.७ व्होल्टला मोजलेला असतो, म्हणजे साठवण ३७ वॅट-तास. बाहेर वीज पाच व्होल्टने निघते, तेव्हा तोच साठा ७,४०० एमएएच होतो. रूपांतरात दहा-पंधरा टक्के उष्णतेत गेले की हाती साधारण ६,३०० ते ६,६५० उरतात. फोनचे एमएएचही आतल्या सेलच्याच व्होल्टला मोजलेले असतात, पाच व्होल्टला नव्हे; शिवाय फोन चार्ज होताना त्याच्या आतही थोडी गळती होते. त्यामुळे पाच हजार एमएएचचा फोन दोनदा पूर्ण भरेल ही अपेक्षा चुकते, दीड वेळा भरला तरी पॉवर बँक चांगली समजावी. कंपनीने येथे खोटे काही लिहिलेले नसते. म्हणूनच खोक्यावर लहान अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' दिली आहे का, हे पाहणे गरजेचे आहे. वापराशी नाते सांगणारा आकडा तोच आहे.

कधी कधी ग्राहकांनी आकड्यांशिवायही अचूक निवड केली आहे. नोकिया ११०० हा २००३ चा फोन त्याचा दाखला आहे. कॅमेरा नाही, रंगीत पडदा नाही. पण धूळ आत जाऊ न देणारा कीपॅड, हातातून न सटकणारी पाठ आणि माथ्यावर टॉर्च. जगभर २५ कोटींहून अधिक फोन विकले गेले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तासन्‌तास भारनियमन चालू असलेल्या त्या वर्षांत टॉर्चची किंमत कोणालाही समजावून सांगावी लागली नाही.

आता मोजणीत नवे माप येऊ घातले आहे, ते दुरुस्तीचे. फ्रान्सने २०२१ मध्ये काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले. भारतात ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीचे संकेतस्थळ डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केले आणि मोबाइलसह इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती निर्देशांक सुचवणाऱ्या समितीने आपला अहवाल मे २०२५ मध्ये सादर केला. त्यात प्राधान्याच्या सुट्या भागांमध्ये बॅटरी आणि पडद्याच्या जोडीने चार्जिंग पोर्टचाही समावेश आहे. स्वस्त फोनची चार्जिंग पिन सैल होते, वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग सुरू होते आणि उशीखाली दाबून ठेवलेला तो फोन सकाळी दुरुस्तीच्या टपरीवर येतो. ती पिन मिळेल का आणि किती वेळात, याचा अंदाज फोन विकत घेतानाच यावा, असा या निर्देशांकाचा हेतू आहे.