दात येताना जुलाब? दोष दातांचा नाही

‘दात येतायत, जुलाब होणारच!’ हे वाक्य आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. ते चुकीचं आहे, आणि त्यापायी बाळाला ओआरएस (क्षार-साखरेचं पाणी) द्यायला उशीर होतो, म्हणून हा खुलासा.

सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेली प्रतिपिंडं (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) ओसरू लागतात, बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि दातही तेव्हाच येतात. जुलाबामागे असतो तो बहुतेकदा संसर्ग. त्यात मोठा वाटा रोटाव्हायरस या विषाणूचा.

तो आतड्याच्या अस्तरातल्या पेशीत शिरला की तिथले संवेदक त्याचा आरएनए (जनुकीय द्रव्य) ओळखतात. पेशी इंटरफेरॉन-लॅम्डा हे इशारा देणारं प्रथिन सोडते. २००३ साली प्रकाशात आलेल्या या प्रथिनाचे ग्राही (इशारा टिपणारे रेणू) मुख्यतः अशा अस्तरांवरच असतात. त्यामुळे अंगभर दाह न पेटवता शेजारच्या पेशी सावध होतात आणि विषाणूची वाढ रोखणारी प्रथिनं बनवू लागतात. प्रतिपिंडांना दिवस लागतात; हे काही तासांत घडतं! पण विषाणूही तयारीचा: त्याचं एनएसपी-१ प्रथिन हा इशाराच दाबतं.

म्हणूनच ६, १०, १४ आठवड्यांची रोटाव्हायरसची लस चुकवू नका. सरकारी केंद्रात ती मोफत आहे. जुलाब झालेच तर ओआरएस, झिंक द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. बाळ मलूल झालं, लघवी कमी झाली, तर थेट डॉक्टरांकडे.