सदोष नाणी

टाकसाळीत यंत्र, ठसा (छाप उमटवणारा साचा) किंवा चकती (छाप पडण्याआधीचा कोरा धातूचा तुकडा) यांतील बिघाडामुळे नेहमीच्या नमुन्याहून वेगळे पडलेले आणि तपासणीतून निसटून चलनात आलेले नाणे. झिजलेले, ठेचलेले वा मुद्दाम घासलेले नाणे या संज्ञेत येत नाही. हातोड्याने पाडलेल्या नाण्यांना ही संज्ञा जपूनच लावावी लागते. शिवराईचा (शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याचा) ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे ‘छत्रपति’ची अक्षरे कडेला तुटत. तिच्यावरील ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ हे लेखनभेद कोरणाऱ्यांच्या चुका की निरनिराळ्या टाकसाळींच्या खुणा, याविषयी मतभेद आहेत. ही नाणी सुमारे दीड शतक पडत राहिली, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पाडलेले नाणे ठशालाच चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याची खोलगट, आरशातल्यासारखी उलटी छाप उमटते. अशी उलटछाप रोमन प्रजासत्ताकाच्या दिनारांवरही (डिनेरियस या चांदीच्या नाण्यांवरही) आढळते. पहिल्या आघाताची छाप रेखीव असते. पुढे चिकटलेले नाणे पसरत जाते तशी ती मोठी व पुसट होते. दोन नाणी व्हाइसमध्ये (पकड आवळण्याच्या अवजारात) दाबून केलेल्या नकलेत मूळ छापेचे अवशेष उरतात आणि मागची बाजू चेपते.

धातूच्या पत्र्यातून चकत्या कापताना पंच (कापणारे अवजार) आधीच्या भोकावर पडला, की चकतीचा चंद्रकोरीएवढा भाग कमी भरतो. अशा नाण्याची या तुटीच्या नेमकी विरुद्ध बाजूची कड बहुधा अशक्त असते, कारण कड उभारताना तिथे पुरेसा दाब मिळत नाही (ब्लेक्सली परिणाम). तो न दिसल्यास नाणे खोटे ठरतेच असे नाही. कानशीचे ओरखडे मात्र खोटेपणाचा निर्णायक पुरावा मानावेत.

दोन्ही बाजूंना एकच छाप असलेले नाणे बहुतांशी दोन नाणी कोरून जोडलेले असते. भिंगाखाली कडेच्या आतला सांधा पाहावा आणि वजन करावे: १९९२ पासूनचे अकराकोनी दोन रुपयांचे नाणे ६ ग्रॅमचे, तर दहा रुपयांचे द्विधातू नाणे ७.७१ ग्रॅमचे आहे.

टाकसाळीची खूण नसणे हा दोष नव्हे. कोलकात्याच्या नाण्यांवर ती नसतेच. १९८५ च्या काही रुपयांवरील ‘एच’ हे इंग्रजी अक्षर बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचे आहे.

किंमत संग्राहकांत ठरते. कायद्याने दर्शनी मूल्यच मिळते. जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांविषयी त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सावधगिरीची सूचना दिली होती.