हार्ट अटॅकनंतर पुन्हा व्यायाम: सकाळची गोळी घेऊनच या

अँजिओप्लास्टी होऊन घरी आलात, डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, अंगात हुरूप आला. बडोद्यातल्या आमच्या हृदयरुग्ण व्यायाम केंद्रात येणारे बहुतेक जण याच टप्प्यावर असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची एकच गोष्ट चुकते: सकाळची गोळी न घेता येतात.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल यांपैकी एखादं नाव तुमच्या चिठ्ठीवर असेल. हे बीटा ब्लॉकर, नाडीचा वेग आवरून धरणारं औषध. "टीएमटीच्या, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करायच्या हृदयतपासणीच्या, वेळी डॉक्टरांनीच बंद ठेवायला सांगितलं होतं," असं लोक म्हणतात, आणि ते खरंही असतं. पण ती टीएमटी निदानासाठी होती. रक्तपुरवठा कमी पडत असेल तर तो उघड दिसावा म्हणून तेव्हा गोळी थांबवतात. व्यायामाची मर्यादा ठरवायची टीएमटी गोळी घेऊनच करावी लागते, कारण रोजचा व्यायामही गोळी घेऊनच व्हायचा आहे. बिनगोळीचे आकडे आमच्या कामाचे नाहीत. तपासणी पुन्हा करावी लागते आणि तुमचे दिवस वाया जातात. शिवाय ही गोळी आपल्या मनाने एकदम सोडली तर छातीतलं दुखणं उसळू शकतं, ठोके बिघडू शकतात.

फरक केवढा पडतो ते पाहा. समजा वय 58, बसल्या जागी नाडी 64, गोळी घेऊन केलेल्या टीएमटीत त्रास न होता गाठलेली नाडी 118. मधलं अंतर 54. त्याचे 40 टक्के साधारण 22 आणि 60 टक्के 32. ते 64 मध्ये मिळवले की 86 ते 96. सुरुवातीचे आठवडे याच पट्ट्यात काढायचे. मनगटावरचं घड्याळ बहुधा 220 मधून वय वजा करतं, 162 धरतं आणि त्याचे 70 टक्के म्हणजे 113 गाठायला लावतं. ज्याची मर्यादाच 118 आहे त्याने 113 वर वीस मिनिटं चालायचं? नाडी वर जात नाही म्हणून ट्रेडमिलचा वेग वाढवू नका. चालताना एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता येतंय ना, हे बघा. गोळीची मात्रा बदलली, किंवा ती सकाळऐवजी रात्री घ्यायला लागलात, तर आल्याआल्या आम्हाला सांगा. आकडे नव्याने काढावे लागतात.

"पाऊण तासातली वीस मिनिटं तर नुसती हळू चालण्यात जातात," ही तक्रार आम्हाला ठाऊक आहे. ती वीस मिनिटं आम्ही कमी करणार नाही. पहिल्या दहांत हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल होतात. शेवटची दहा टाळून एकदम थांबलात, तर रक्त पायांत साचतं, रक्तदाब खाली येतो आणि चक्कर येते, रक्तदाबाच्या किंवा नायट्रेटच्या (रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर जास्तच.

जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या गावात तालमीत वाढलेली माणसं पुष्कळ. त्यांना दंड-बैठका कधी सुरू होणार, याची घाई असते. दंड काढताना श्वास कोंडला जातो आणि रक्तदाब क्षणात उसळतो. म्हणून आधी एक-दोन किलोचे डंबेल, दहा-बारा आवर्तनं, जोर लावताना श्वास बाहेर. बायपास झालेल्यांची छातीच्या मधल्या हाडाची जोड पक्की व्हायला आठ ते बारा आठवडे लागतात. तोवर हातांवर भार नाही. गरब्याचंही असंच. संथ ताल आधी आमच्यासमोर मॉनिटरवर खेळून दाखवा. शेवटचा द्रुत फेरा यंदा बाहेरून बघा.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, असं काही झालं की जागच्या जागी बसा. डॉक्टरांनी दिली असेल तर सॉर्बिट्रेट ही नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवा. पाच मिनिटांत आराम नाही तर 108. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्या) घेत असाल तर लाजू नका, आधी सांगा. त्यांच्याबरोबर सॉर्बिट्रेट घेतली तर रक्तदाब धोकादायक खाली जातो.

आमचा कार्यक्रम बारा आठवड्यांचा, आठवड्यातून तीनदा. पहिल्या सत्रांत ईसीजी मॉनिटर लावलेला असतो. नंतर कमाटीबागेत स्वतः चालायला लागलात तरी महिन्यातून एकदा आकडे तपासून देतो.

पहिल्या दिवशी डिस्चार्ज समरी, इकोचा आणि टीएमटीचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणा. नुसती यादी नको, पट्टीवरची मात्रा आम्हाला बघायची असते. सेव-उसळ खाऊन लगेच येऊ नका, भरल्या पोटी व्यायामाला दोन तासांचं अंतर हवं. आणि घरातलं एक माणूस सोबत आणा, नाडी मोजायला त्यालाही शिकवतो.