ॲम्प कॅप्चर आणि टोन सेटिंग

ॲम्प कॅप्चर म्हणजे खऱ्या गिटार ॲम्पचे नॉब एका ठरावीक जागी ठेवून तो जसा वाजतो तसा उतरवून घेतलेली डिजिटल फाइल. कोणी याला प्रोफाइल म्हणतं, कोणी टोन मॉडेल, पण गोष्ट तीच. यातला "ठरावीक जागी" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण कॅप्चर हा ॲम्पचा ठसा आहे, ॲम्प नाही. गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) पाचवर ठेवून घेतलेल्या कॅप्चरला तोच ॲम्प आठवर कसा वाजला असता हे माहीतच नसतं, त्याने ते कधी ऐकलेलंच नसतं. नवीन लोक अडकतात ते नेमके इथे, एक कॅप्चर उघडायचं आणि मग तासभर स्क्रीनवरचे नॉब फिरवत बसायचं, आणि शेवटी "डिजिटलमधे मजा नाही" म्हणून सोडून द्यायचं. खरं तर त्यांना नॉब नाही, दुसरं कॅप्चर हवं असतं.

कसं बनतं

ॲम्पच्या इनपुटला आधीच ठरलेला एक सिग्नल पाठवतात. न्यूरल ॲम्प मॉडेलर म्हणजे नॅमसाठी ही साधारण तीन मिनिटांची ऑडिओ फाइल असते, ४८ किलोहर्ट्झची, तिच्यात टिक-टिक, खरखर आणि खरं वाजवलेलं गिटार असं सगळं असतं. इंटरफेसचा, म्हणजे गिटार आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या डब्याचा, लाइन आउट गिटारसारखा नसतो म्हणून मधे रीॲम्प बॉक्स लावतात. ॲम्पमधून जे बाहेर पडतं ते माइकने किंवा लोड बॉक्सने (स्पीकरच्या जागी जोडायचा डबा) रेकॉर्ड करतात. आता हातात दोन गोष्टी असतात, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं, आणि न्यूरल नेटवर्कला हजारो वेळा तेच गिरवायला लावतात की पहिल्यातून दुसरं तयार कर. किती चुकलं ते ईएसआर (एरर-टू-सिग्नल रेशो) नावाच्या आकड्यात कळतं, ०.०१ च्या खाली आला की काम उत्तम झालं असं समजतात.

इथे एक धोका आहे आणि तो मी प्रत्येकाला सांगतो. ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, स्पीकर किंवा लोड बॉक्स न जोडता कधीही वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तो बदलायचा खर्च ऐकून पोटात गोळा येतो.

माइकने घेतलेल्या कॅप्चरमधे ॲम्पपेक्षा माइकची जागा जास्त ऐकू येते, हे पटायला वेळ लागतो. शुअर एसएम ५७ स्पीकरच्या जाळीला जवळजवळ चिकटवून, मधल्या गोल टोपीच्या बरोबर समोर धरा, आवाज कानात टोचतो, प्रत्येक पिकचा खरखरीत स्पर्श पुढे येतो. तोच माइक दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकवा, जिथे टोपी संपून कागदी कोन सुरू होतो, आणि तोच ॲम्प एकदम गोल, भरलेला वाजायला लागतो. अजून बाहेर, कडेकडे गेलात की बोदा. ॲम्पच्या एकाही नॉबला हात लागलेला नाही. म्हणून "मार्शल ॲम्पचं कॅप्चर कर्कश आहे" असं म्हणायच्या आधी दुसऱ्या कोणी त्याच ॲम्पचं केलेलं एखादं ऐकून बघावं.

थोडा इतिहास

१९९८ मधे लाइन ६ कंपनीचं पॉड हे उपकरण आलं तेव्हापासून ॲम्पची डिजिटल नक्कल घराघरात गेली, पण ते मॉडेलिंग होतं, म्हणजे सर्किटच्या वागण्याचं गणित मांडायचं आणि नॉबसुद्धा त्या गणितात असायचे. तुमच्या समोरचा, तुमचाच ॲम्प उतरवून घ्यायची कल्पना लोकांच्या हातात दिली ती जर्मनीच्या क्रिस्टोफ केम्परने, २०११ मधे जाहीर झालेल्या केम्पर प्रोफायलिंग ॲम्पमधून. त्याआधी याच माणसाने व्हायरस सिंथेसायझर बनवला होता, आणि प्रोफाइल करताना केम्पर जे विचित्र, अवकाशयानासारखे आवाज ॲम्पमधे सोडतो ते ऐकून ते नातं लगेच कळतं. पुढे याच कामासाठी हेलसिंकीच्या न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स २०२१ मधे, इटलीच्या आयके मल्टिमीडियाचं टोनेक्स २०२२ मधे, आणि या सगळ्यांच्या बाजूला स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी बनवलेलं नॅम, जे ओपन सोर्स आहे, पूर्ण फुकट. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात मोठी घटना नॅमच, कारण कॉलेजात शिकणाऱ्या, एक स्वस्त इंटरफेस आणि जुना लॅपटॉप असलेल्या मुलालाही जगभरातल्या लोकांनी वाटलेले हजारो ॲम्प त्यामुळे मोकळे झाले.

कॅप्चर निवडताना

आधी गेन, मग बाकी सगळं. तुम्हाला जेवढा गेन हवा तेवढा ज्या कॅप्चरमधे आधीच आहे ते घ्यायचं. चांगले लोक एकाच ॲम्पची पाच-दहा कॅप्चर देतात आणि फाइलच्या नावात गेन, बेस, मिडल, ट्रेबल कितीवर होते ते लिहितात, ते नाव नीट वाचावं.

प्लगइनमधला (कॅप्चर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) इनपुटचा नॉब वाढवला तर जास्त ड्राइव्ह, म्हणजे जास्त फाटलेला आवाज मिळतो हे खरं, पण तो ॲम्पचा गेन नॉब नव्हे, तो ॲम्पच्या पुढे बूस्ट पेडल लावल्यासारखा आहे. फरक कसा पडतो ते मार्शल जेसीएम ८०० मधे छान दिसतं. त्याच्या गेन नॉबवर एक छोटा कपॅसिटर आडवा बसवलेला असतो जो वरचे सूर नॉबला वळसा घालून पुढे पाठवतो, त्यामुळे गेन कमी ठेवला की आवाज पातळ आणि चरचरीत होतो, आणि गेन पूर्ण उघडला की त्या कपॅसिटरला काही कामच उरत नाही, आवाज जाड होतो. आता गेन नऊवरचं कॅप्चर घेऊन इनपुट खाली आणलात तर कमी गेनचा जेसीएम मिळत नाही, जाडच आवाज फक्त कमी फाटलेला मिळतो. वाईट नसतो, कधीकधी मला तो आवडतोही, पण तो त्या ॲम्पचा नाही. केम्परने २०२३ मधे लिक्विड प्रोफायलिंग आणलं त्यात मूळ ॲम्पच्या गेन आणि टोन नॉबचं वागणं प्रोफाइलला जोडता येतं, ती याच अडचणीवरची वाट.

इक्यूचंही, म्हणजे बेस-मिडल-ट्रेबलचंही तेच. फेंडरच्या जुन्या ब्लॅकफेस ॲम्पमधे टोनचे नॉब व्हॉल्यूमच्या आधी असतात, बेस वाढवला की पुढच्या ट्यूबना जास्त बेस मिळतो आणि आवाज खालून फुटायला लागतो. प्लगइनमधला बेस बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी असतो, तो फक्त आवाज रंगवतो, फुटण्याची तऱ्हा बदलत नाही. ती बदलायची असेल तर इक्यू कॅप्चरच्या आधी लावायचा. हाय गेनमधे खालच्या तारांचा चिखल होत असेल तर कॅप्चरच्या आधी थोडा बेस कापा, ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल पुढे लावणारे मेटलवाले वर्षानुवर्षं हेच करतात.

लेव्हल

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त टोन इथेच बिघडतात. गिटार इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटलाच लावायचं, लाइन इनपुटला लावलं तर पिकअपवर लोड येऊन वरचे सूर मरतात. इंटरफेसचा गेन शक्यतो शून्यावर. मग प्रश्न येतो की तुमच्या इंटरफेसवर मीटर शेवटाला भिडतो तो किती व्होल्टला, कारण प्रत्येक इंटरफेसचं हे माप वेगळं असतं आणि ते स्पेसिफिकेशनमधे डीबीयू (व्होल्टेजची पातळी मोजायचं एकक) मधे लिहिलेलं असतं. समजा कॅप्चर करणाऱ्याचं माप १२ डीबीयू होतं आणि तुमचं १८, तर तुमचं गिटार आत ६ डीबी बारीक पोचतंय, इनपुट ६ डीबीने वाढवलं की हिशोब जुळला. फाइलमधे हा आकडा भरलेला असेल तर नॅममधे हे आपोआप करायची सोय आहे. आकडा नसेल तर कानाने, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून जोरात वाजवायचं, मग व्हॉल्यूम सहावर आणून हळू. फेंडरच्या डिलक्स रिव्हर्ब ॲम्पचं फुटण्याच्या उंबरठ्यावरचं एखादं कॅप्चर असेल तर पूर्ण उघड्यावर कॉर्ड जरा ओरखडतो आणि सहावर आणल्यावर काचेसारखा स्वच्छ होतो, हा फरक हातात जाणवला की लेव्हल बरोबर. दोन्हीकडे सारखंच वाजलं तर काहीतरी जास्त किंवा कमी आहे.

कॅब आणि बाकीची साखळी

कॅप्चर दोन तऱ्हेची असतात, नुसत्या ॲम्पची आणि कॅब (स्पीकरचा डबा) व माइकसकट पूर्ण. नुसत्या ॲम्पच्या कॅप्चरला पुढे आयआर, म्हणजे कॅब आणि माइकचा ठसा असलेली फाइल, लावावाच लागतो, नाहीतर डबा फाटल्यासारखी भणभण ऐकू येते. उलट पूर्ण कॅप्चरला चुकून आयआर लागला तर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो. मी स्वतः एक अख्खा आठवडा असा वाजवला, ट्रेबल वाढवत वाढवत, आणि मग दिसलं की आयआर चालूच राहिलेला.

रिव्हर्ब आणि डिले कॅप्चरमधे उतरत नाहीत, ते नंतर वेगळे लावायचे. कॉम्प्रेसरही धड उतरत नाही. ओव्हरड्राइव्ह पेडल मात्र सुंदर उतरतात. फझ फेससारख्या जुन्या फझ पेडलचं (आवाज खूप खरखरीत फाडणारं) थोडं वेगळं आहे, त्याचं इनपुट पिकअपशी थेट झटापट करतं आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की जो चमचमता स्वच्छ आवाज निघतो तो त्या झटापटीतून येतो, मधे इंटरफेस आला की ती झटापट संपते. फझ खराच वापरावा, ॲम्प कॅप्चरचा.

शेवटची सफाई थोडीच लागते. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजली की ८२ हर्ट्झ, त्यामुळे ७०-८० च्या खालचं कापलं तर गिटारचं काही जात नाही आणि बेसवाल्याला जागा मिळते. वरचं ७-८ हजार हर्ट्झच्या पुढचं हळूहळू उतरवलं की हेडफोनमधली ती माशीसारखी गुणगुण जाते.

आणि टोन ज्या आवाजात वाजवायचा त्याच आवाजात लावायचा. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधे पन्नास वॉटचा ॲम्प उघडायची सोय नाही, शेजारच्या काकू दार वाजवतात, त्यामुळे रात्री हेडफोनवर हळू आवाजात सगळं सेट होतं. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून आपण नकळत बेस आणि ट्रेबल दोन्ही चढवून मिडल खाली आणतो. तोच प्रीसेट गणपतीच्या कार्यक्रमात मोठ्या स्पीकरवर लागला की खालून घुमतो, वरून टोचतो आणि ड्रमच्या मधे गिटार हरवूनच जातं. त्यामुळे स्टेजसाठी वेगळा प्रीसेट ठेवावा, मिडल जास्त, गेन घरच्यापेक्षा एक पायरी कमी, आणि तो प्रॅक्टिसच्या खोलीत ड्रम चालू असतानाच पक्का करावा.